सोलापूरचा जावईबापू नव्हे, चीनचा

गिरण्यांच्या सोलापुरात 10 ऑक्टोबर 1910 रोजी जन्मलेले द्वारकानाथ शांताराम कोटणीस हयात असताना भारतात फारसे कोणाला ठाऊक नव्हते. त्यांची कीर्ती झाली ती मृत्यूनंतर. तोवर त्यांची पत्नी चीनच्या युद्धभूमीवर तान्ह्या मुलाला घेऊन एकटी उरली होती. डॉ. कोटणीसांच्या त्यागाची कथा महाराष्ट्राने अनेकदा ऐकली आहे. त्या कथेतील ही स्त्री मात्र बहुधा शेवटच्या ओळीत येते आणि तिथेच विरून जाते.

मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून शिक्षण घेतलेल्या या तरुण डॉक्टरला पुढील शिक्षणाची आस होती. पण 1937 मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले, चीनने भारताकडे डॉक्टरांची मदत मागितली आणि काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक धाडण्याचे ठरवले. अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी यांच्यासह कोटणीस 1 सप्टेंबर 1938 रोजी मुंबईहून बोटीने निघाले. चीनमध्ये असतानाच वडिलांच्या निधनाची वार्ता त्यांना कळली. घरी परतण्यास हे कारण पुरेसे होते, तरीही ते राहिले. 1939 च्या आरंभी येनानला आणि वर्षअखेरीस वूताई पर्वताच्या परिसरातील आघाडीवर, आठव्या मार्ग सेनेसोबत ते पोहोचले. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून याच भागात नोव्हेंबर 1939 मध्ये रक्तदोषाने मरण पावले होते.

या बेथ्यूनच्याच समाधीच्या समारंभात, 1940 मध्ये, गुओ चिंगलान यांनी कोटणीसांना प्रथम पाहिले. त्या प्रशिक्षित परिचारिका होत्या व बेथ्यूनच्या नावाने चालणाऱ्या वैद्यकीय शाळेत शुश्रूषाशास्त्र शिकवीत. परदेशी डॉक्टर त्यांनी पाहिले होते. पण हा डॉक्टर चिनी भाषा बोलत होता आणि लिहीतही होता. प्रेमाची सुरुवात भाषेपासून व्हावी, यात नवल नाही. कोटणीसांनी तर नावही चिनी घेतले होते, ‘के दीहुआ’. त्यातील ‘हुआ’ म्हणजे चीन.

त्या प्रेमाला फुरसत अशी नव्हतीच. 1940 च्या एका मोठ्या मोहिमेत कोटणीसांनी सलग बहात्तर तास शस्त्रक्रिया केल्या. शेकडो जखमी त्यांच्या हाताखालून गेले. जानेवारी 1941 मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक झाले. रुग्णालय म्हणजे भक्कम इमारत नव्हे. शत्रू जवळ आला की गाठोडे बांधून डोंगर चढायचा. अशा धावपळीत 1941 च्या अखेरीस दोघांचा विवाह झाला. सोलापूरच्या घरातील कोणीही त्या मांडवात नव्हते.

23 ऑगस्ट 1942 रोजी मुलगा झाला. सेनापती नी रुंगचन यांनी त्याचे नाव सुचवले, ‘यिनहुआ’. ‘यिन’ म्हणजे भारत. आई-बापांचे दोन देश एका नावात आले.

तीन महिने गेले. अपस्माराच्या झटक्यांनी खंगलेले कोटणीस शस्त्रक्रियाशास्त्रावरील आपले दुसरे पुस्तक अर्धवट टाकून 9 डिसेंबर 1942 रोजी गेले. वय अवघे बत्तीस. पाचांपैकी चौघे मायदेशी परतले, ते परतले नाहीत. चिंगलान यांचा संसार जेमतेम वर्षभराचा ठरला.

इकडे भारतात ख्वाजा अहमद अब्बास यांनी पुस्तक लिहिले आणि 1946 मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ पडद्यावर आणला. नायक ते स्वतः, तर चिंगलानच्या भूमिकेत जयश्री. चित्रपटाच्या अखेरीस ती विधवा बाळाला घेऊन नवऱ्याच्या घरी येते. प्रेक्षकांचे डोळे पाणावले, हे साहजिकच. पण प्रत्यक्षात तसे घडले नव्हते. खरी चिंगलान तेव्हा चीनमध्येच होती, युद्धातून निभावत, मूल वाढवीत.

पुढे त्यांनी दुसरा विवाह केला आणि तालियन शहरात वास्तव्य केले. आपल्याकडील अमरकथांना हा तपशील अडचणीचा वाटतो, म्हणून तो सहसा गाळला जातो. वास्तविक सव्विशीतल्या त्या स्त्रीने जन्मभर पुतळ्याशेजारी उभे राहावे, अशी अपेक्षा ठेवण्याचा अधिकार कोणाला होता? यिनहुआने बापाचीच वाट धरली होती. तो वैद्यकीय शिक्षण पूर्ण करीत आला असताना 1967 मध्ये, पंचविशी गाठण्यापूर्वीच, मरण पावला. दोन देशांचे ते नाव त्याच्याबरोबर संपले.

कोटणीसांच्या नात्याची माणसे मात्र चिंगलान यांनी सोडली नाहीत. त्या भारतात येऊन गेल्या, सासरच्यांना भेटल्या आणि उतारवयात पतीसोबतच्या सहजीवनाच्या आठवणी त्यांनी ग्रंथरूपाने मांडल्या. सोलापुरात डॉ. कोटणीसांचे जन्मघर आता स्मारक म्हणून जपले आहे. तिकडे शिच्याच्वांगच्या हुतात्मा उद्यानात त्यांची समाधी आहे, बेथ्यूनच्या समाधीच्याच आवारात. गुओ चिंगलान यांचे निधन जून 2012 मध्ये तालियन येथे झाले. तेव्हा कोटणीसांच्या मृत्यूला सत्तर वर्षे होत आली होती.