बालगंधर्व : पडद्यावरून पुन्हा रंगभूमीकडे

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत सोसायटीच्या वाटचालीबरोबर एखाद्या मोठ्या माणसाचंही स्मरण असावं, म्हणून हा लेख. आपल्या गणेशोत्सवात दरवर्षी कोणी ना कोणी नाट्यगीत म्हणतंच. त्यातली निम्मी गाणी ज्यांच्या गळ्यातून महाराष्ट्रभर गेली, ते नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व.

त्यांचा जन्म 26 जून 1888 चा. लहानपणी पुण्यात त्यांचं गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना बालगंधर्व म्हटलं आणि तेच नाव कायमचं चिकटलं. 1905 मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि शकुंतला झाले. त्या काळी स्त्रियांची कामं पुरुषच करत. पण नारायणराव साडी नेसून उभे राहिले की प्रेक्षकांतल्या बायका त्यांचं नेसणं, दागिने, केसांतला गजरा बघून घ्यायच्या आणि घरी तसंच करून पाहायच्या!

12 मार्च 1911 रोजी 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली. प्रयोग पुढे ढकलता आला असता, पण त्यांनी ढकलला नाही. भामिनीचं काम केलं, गायले. ही निष्ठा की कठोरपणा, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण प्रेक्षकांना ते मायबाप मानत, ते असं.

1913 मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. 'स्वयंवर'ला भास्करबुवा बखल्यांच्या चाली, तबल्यावर थिरकवाँ, सारंगीवर कादरबक्ष. खर्चाला हात आखडता घेणं माहीतच नव्हतं. कर्ज झालं, तेही प्रयोग करूनच फेडलं. 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसल्यांबरोबर 'संयुक्त मानापमान' केलं, त्याच्या आठवणी लोक पुढे कित्येक वर्षं सांगत राहिले.

मग बोलपट आला. 1932 मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' लागला आणि त्यात राजा हरिश्चंद्र कोण? तर गंधर्व मंडळीचेच जुने भागीदार गोविंदराव टेंबे. थोड्या पैशात, दोन-अडीच तासांत गाणी आणि गोष्ट दोन्ही मिळू लागल्यावर रात्र रात्र जागून नाटक कोण बघणार? एकेक नाटक कंपनी बंद पडत गेली. 1934 च्या अखेरीस गंधर्व मंडळीचंही तेच झालं.

नारायणराव प्रभातमध्ये गेले. व्ही. शांताराम यांच्या 'धर्मात्मा' (1935) चित्रपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. काम होतं, पैसा होता. तरी मन लागेना. समोर कॅमेरा, दाद द्यायला कोणी नाही, वन्समोअर नाही. एकच पद आज एका अंगानं, उद्या दुसऱ्या अंगानं फुलवणारा हा गवई. त्याला एकदाच गाऊन डब्यात बंद होणं कसं मानवावं? पुढे 'साध्वी मीराबाई'ही पडद्यावर आलं, पण ओढ रंगभूमीचीच राहिली.

पन्नाशीकडे झुकलेल्या वयात त्यांनी पुन्हा नाटक मंडळी उभी केली. व्यवहाराच्या दृष्टीनं हा निर्णय शहाणपणाचा नव्हताच. पूर्वीचं वैभव परत आलं नाही. शरीर थकलं होतं, तरुण नायिका शोभेना. पण आवाज लागला की जुने प्रेक्षक वय विसरत, आणि ज्यांनी नाटक सोडून दिलं होतं त्यांनाही पुन्हा थिएटरची वाट आठवे. गोहरबाई कर्नाटकी त्यांच्याबरोबर स्त्री भूमिका करू लागल्या.

1955 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि 1964 मध्ये पद्मभूषण मिळालं. शेवटची वर्षं मात्र आजारपणात आणि ओढगस्तीत गेली. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराचं भूमिपूजन 1962 मध्ये त्यांच्याच हस्ते झालं. 15 जुलै 1967 ला ते गेले. पुढच्या वर्षी, त्यांच्या जन्मदिवशी, 26 जूनला रंगमंदिर सुरू झालं, पण ते बघायला ते नव्हते.

आज आपल्या प्रत्येक घरात टीव्ही आहे, प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. ते असू देत की! पण महिन्यातून एखादा रविवार नाटकासाठी ठेवावा, मुलांनाही बरोबर न्यावं. तिसरी घंटा होते, दिवे मंदावतात, कुजबुज थांबते. त्या शांततेत काय आहे हे सांगून कळत नाही. नारायणराव हातचं काम सोडून त्यासाठीच परत गेले होते.