रुडॉल्फ डिझेल : वाया जाणाऱ्या उष्णतेचा हिशेब मांडणारा माणूस

वाचकहो, डिझेल हा शब्द कानांवर पडला नाही असा दिवस आपल्या आयुष्यात क्वचितच जात असेल. एस.टी.ची गाडी, मालट्रक, विहिरीवरचे इंजिन, बंदरातील मच्छीमारांच्या लाँचेस, या सर्वांशी हा शब्द जोडला गेला आहे. डिझेलचा भाव वाढला की चार दिवसांत भाजीचाही भाव वाढतो, हे घरातील लहान मूलही जाणते. परंतु डिझेल हे मुळात तेलाचे नाव नसून एका माणसाचे आडनाव आहे, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते.

या माणसाविषयी एक हकीकत मात्र हल्ली वारंवार सांगितली जाते. तळणीच्या उरलेल्या तेलावर डिझेलची मोटार चालते आणि डिझेलने आपले इंजिन मुळी शेंगदाण्याच्या तेलासाठीच बनवले होते, अशी ती हकीकत. तिचा पहिला भाग काही अटींवर खरा आहे. दुसरा खरा नाही. खरे काय घडले हे समजून घ्यायचे तर या माणसाचे चरित्रच पाहिले पाहिजे.

रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस शहरात झाला. आईवडील जर्मनीतील बव्हेरिया प्रांताचे. वडील थिओडोर हे पुस्तकबांधणीचे काम शिकलेले कारागीर. पॅरिसमध्ये ते चामड्याच्या वस्तू बनवून विकत. मिळकत बेताचीच होती. घरापासून जवळच यंत्रांचे एक मोठे संग्रहालय होते. वाफेवर चालणारी अठराव्या शतकातील एक जुनी गाडी तेथे ठेवलेली होती. लहानगा रुडॉल्फ तेथे तासन्‌तास रमत असे.

१८७० साली फ्रान्स व जर्मनी यांच्यात युद्ध पेटले. पॅरिसमधील जर्मन कुटुंबांना शहर सोडावे लागले. डिझेल कुटुंब जे हाती लागेल ते घेऊन लंडनला गेले. बारा वर्षांचा मुलगा एका दिवसात परका ठरला. तेथे पोटापाण्याचीच ओढाताण होती. तेव्हा आईने काळजावर दगड ठेवून त्याला जर्मनीत ऑग्सबुर्ग येथे नातेवाइकांकडे धाडले. हे नातलग तेथील एका शाळेत गणित शिकवत असत. त्यांनी या मुलाला आपल्या घरी ठेवून घेतले आणि शाळेत घातले. चौदाव्या वर्षीच रुडॉल्फने आपण इंजिनिअर होणार असे आईवडिलांना पत्राने कळवून टाकले. पुढे तो शाळेत पहिला आला. १८७५ साली म्युनिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत गुणवत्तेवर शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा मुलाने आता कमावते व्हावे अशी आईवडिलांची इच्छा होती. त्याने मात्र शिष्यवृत्ती घेऊन पुढे शिकण्याचा निश्चय केला. वाचकहो, असा पेच आपल्याही कितीतरी घरांत दरवर्षी दहावी-बारावीच्या निकालानंतर उभा राहतो. त्या दिवशी रुडॉल्फ कामाला लागला असता तर कदाचित एक चांगला कारागीर झाला असता. परंतु आज त्याचे नाव कोणी घेतले नसते.

म्युनिक येथे त्याला कार्ल फॉन लिंडे हे गुरू लाभले. शीतयंत्रांच्या क्षेत्रात त्यांचे नाव जगभर झाले आहे. त्यांच्या वर्गात रुडॉल्फला एक गोष्ट समजली आणि ती त्याच्या मनातून कधीच गेली नाही. त्या काळी सारे कारखाने वाफेच्या इंजिनावर चालत. परंतु कोळसा जाळून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी सुमारे दहावा हिस्सा, किंवा त्याहूनही कमी, कामी येत असे. बाकी सगळी उष्णता वाया जाई. रुपयातले नव्वद पैसे रस्त्यात सांडून जावेत तसा हा व्यवहार होता. हे सांडणे कसे थांबवता येईल याचा अभ्यास करण्याचे रुडॉल्फने विद्यार्थिदशेतच ठरवून टाकले. विषमज्वरामुळे १८७९ ची परीक्षा हुकली. परंतु १८८० च्या जानेवारीत तो अत्युच्च श्रेणीत उत्तीर्ण झाला.

त्यानंतर दहा वर्षे त्याने पॅरिसमध्ये लिंडे यांच्याच बर्फाच्या यंत्रांच्या धंद्यात नोकरी केली. १८८३ साली मार्था फ्लाशे हिच्याशी त्याचा विवाह झाला. पुढे तीन मुले झाली. दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात प्रयोग, असा त्याचा क्रम होता. अमोनियाच्या वाफेवर चालणारे इंजिन बनवण्यात त्याने कित्येक वर्षे घालवली. ते साधले नाही. तेव्हा त्याने वाफेचा नाद सोडून हवेकडे लक्ष वळवले.

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते, हा अनुभव आपण सर्वांनी घेतला आहे. हवा दाबली की ती तापते. डिझेलने विचार केला की सिलिंडरमधील हवा इतकी दाबावी, इतकी तापवावी, की आत सोडलेले इंधन ठिणगीवाचून आपोआप पेट घेईल. जितका दाब अधिक, तितका उष्णतेचा उपयोग अधिक. १८९२ साली त्याने या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला व १८९३ साली ते मंजूर झाले. त्याच वर्षी त्याचा ग्रंथही प्रसिद्ध झाला. ऑग्सबुर्गचा यंत्रकारखाना व क्रुप ही पोलादाची पेढी यांनी प्रयोगाचा खर्च उचलला.

पहिली चाचणी १० ऑगस्ट १८९३ रोजी झाली. खनिज तेलापासून मिळणारे इंधन आत सोडताच ते पेटले खरे, पण दाब इतका वाढला की दाब मोजण्याचे उपकरणच फुटून उडाले. माणसे थोडक्यात बचावली. इंजिन स्वतःच्या बळावर फिरलेच नाही. तरीही हवेच्या दाबाने इंधन पेटते एवढे सिद्ध झाले, आणि डिझेलला तेवढे पुरे होते. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी इंजिन पहिल्यांदा आपले आपण फिरले. तेही जेमतेम एक मिनिट. पुढे तीन वर्षे दुरुस्त्या चालू राहिल्या. अखेर १७ फेब्रुवारी १८९७ रोजी प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी अधिकृत चाचणी घेतली. इंधनातील उष्णतेपैकी २६.२ टक्के उष्णता कामी आल्याचे आढळले. वाफेच्या इंजिनाशी तुलना करा, म्हणजे या आकड्याची थोरवी ध्यानात येईल.

आता शेंगदाण्याच्या तेलाकडे येऊ. १९०० साली पॅरिस येथे जागतिक प्रदर्शन भरले होते. तेथे फ्रान्समधील ऑटो कंपनीने एक लहान डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले. इंजिनात कसलाही फेरबदल केलेला नव्हता, आणि ते इतके सुरळीत चालले की तेल वेगळे आहे हे फार थोड्यांच्या लक्षात आले. यामागची कल्पना फ्रेंच सरकारची होती. आफ्रिकेतील त्यांच्या वसाहतींत भुईमूग विपुल पिके. तेथे कोळसा किंवा खनिज तेल दुरून आणण्याऐवजी तेथल्याच तेलावर इंजिने चालावीत, असा त्यांचा हेतू होता. डिझेलने नंतर स्वतः चाचण्या करून हा अनुभव पडताळून पाहिला. १९१२ साली इंग्लंडमध्ये इंजिनिअरांपुढे बोलताना त्याने ही सर्व हकीकत प्रामाणिकपणे सांगितली. वनस्पती तेलांना आज फारसे महत्त्व नसले तरी पुढे केव्हातरी त्यांना खनिज तेलाच्या तोडीचे महत्त्व येऊ शकेल, असे मतही त्याने तेथे मांडले.

म्हणजे वाचकहो, शेंगदाण्याच्या तेलाचे श्रेय डिझेलने स्वतःकडे घेतले नाही; ते आपण त्याला नंतर बहाल केले. आपल्या देशात २०१५ पासून १० ऑगस्ट हा जागतिक जैवइंधन दिन म्हणून पाळला जातो, आणि १८९३ साली याच तारखेला डिझेलने शेंगदाण्याच्या तेलावर इंजिन चालवले असे भाषणांतून व लेखांतून सांगितले जाते. त्या दिवशी खरे काय घडले ते आपण वर वाचलेच आहे. दिवस अवश्य पाळावा. पण मुलांना सांगताना हकीकत खरी सांगावी. अपयशाचा दिवस यशाचा म्हणून सांगितला की त्यानंतरच्या साडेतीन वर्षांच्या चिकाटीवर पाणी पडते.

डिझेलचे उत्तरायुष्य मात्र दुःखाचे गेले. पेटंटमुळे तो लक्षाधीश झाला. पण कोर्टकज्जे, टीका व अतिश्रम यांनी प्रकृती ढासळली. लहान कारागिरांना मोठ्या कारखान्यांपुढे टिकाव धरता यावा म्हणून स्वस्त व आटोपशीर इंजिन द्यावे, हे त्याचे स्वप्न होते. श्रमिकांनी परस्पर सहकार्याने कारखाने चालवावेत असा विचार मांडणारा ग्रंथही त्याने १९०३ साली लिहिला. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. इंजिन गेले ते मोठ्या कारखान्यांत, जहाजांत आणि पाणबुड्यांत. त्यातच जमिनींच्या व्यवहारांत व इतर गुंतवणुकीत पैसा बुडाला. आयुष्यभर उष्णतेचा हिशेब चोख मांडणाऱ्या या माणसाला घरचा हिशेब साधला नाही.

२९ सप्टेंबर १९१३ रोजी संध्याकाळी तो अँटवर्प बंदरात ड्रेस्डेन या बोटीवर चढला. त्याला इंग्लंडला जायचे होते. रात्री जेवण करून, सकाळी सव्वासहाला उठवा असे सांगून तो आपल्या खोलीकडे गेला. सकाळी खोली रिकामी होती. अंथरूण वापरलेलेच नव्हते. मागच्या डेकवर कठड्याजवळ त्याचा कोट आणि टोपी सापडली. सुमारे दहा दिवसांनी एका डच नौकेला समुद्रात एक मृतदेह दिसला. खलाशांनी खिशातील वस्तू काढून घेतल्या व देह समुद्रालाच परत दिला. पुढे मुलाने त्या वस्तू वडिलांच्या असल्याचे ओळखले. त्याने आत्महत्या केली, तो पडला, की कोणी घात केला, याचा निकाल आजतागायत लागलेला नाही. त्याचे वय अवघे पंचावन्न वर्षांचे होते.

डिझेलवर चालणारी मोटार मात्र त्याने पाहिलीच नाही. त्याच्या इंजिनात इंधन फवारण्यासाठी दाबाखालील हवेचे एक अवजड यंत्र लागे. ते मोटारीत बसणे शक्य नव्हते. १९२७ साली बॉश कंपनीचा इंधनपंप आला व ही अडचण दूर झाली. १९३६ साली मर्सिडीज-बेंझ कंपनीने डिझेलची मोटार विक्रीसाठी बाजारात आणली. आपल्याकडेही १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्करांनी ऑइल इंजिनांचा कारखाना सुरू केला. खेडोपाडी विहिरीवर आणि पिठाच्या गिरणीत डिझेल इंजिन पोहोचले, तेव्हा कारागिरांविषयीचे त्या माणसाचे स्वप्न काही अंशी तरी फळास आले, असे म्हणावयास हरकत नाही.

१९७३ साली खनिज तेलाचे भाव कडाडले आणि जगाला वनस्पती तेलाची पुन्हा आठवण झाली. पुढे युरोप-अमेरिकेत कित्येक हौशी लोक उपाहारगृहांतील तळणीचे टाकाऊ तेल गोळा करून जुन्या डिझेल मोटारी चालवू लागले. परंतु हे तेल जसेच्या तसे टाकीत ओतून भागत नाही. ते डिझेलपेक्षा कितीतरी पटींनी दाट असते. इंधन फवारणाऱ्या तोटीची छिद्रे केसासारखी बारीक. दाट तेलाचा बारीक फवारा उडत नाही, ते अर्धवट जळते, काजळी साचते आणि कालांतराने इंजिन बिघडू शकते. शिवाय त्यात पाण्याचा अंश व भज्यांचा चुरा असतो. म्हणून हे लोक तेल गाळून, त्यातील पाणी काढून, वेगळ्या टाकीत ठेवतात व इंजिनाच्याच गरम पाण्याने ते तापवून पातळ करतात. गाडी सुरू करताना व बंद करण्यापूर्वी साधे डिझेल वापरतात. जुन्या धाटणीच्या इंजिनांना हे काहीसे मानवते. आजच्या नाजूक इंजिनांना मानवत नाही.

दुसरा मार्ग तेलाचेच रूप पालटण्याचा. तेलात मिथेनॉल व थोडा कॉस्टिक सोडा मिसळून प्रक्रिया केली की ग्लिसरीन खाली बसते आणि वर पातळ इंधन उरते. यालाच बायोडिझेल म्हणतात. या पद्धतीचे पेटंट बेल्जियममध्ये १९३७ साली दिले गेले. मिथेनॉल हे विषारी व चटकन पेटणारे द्रव्य आहे; तेव्हा हा खटाटोप कोणी घरच्या मोरीत करू नये.

हा प्रश्न आपल्या स्वयंपाकघरापर्यंतही येऊन पोहोचला आहे. वारंवार तापवलेले तेल प्रकृतीला अपायकारक असते. म्हणून तेलातील खराब घटकांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेल्यास ते पुन्हा वापरू नये, असा नियम आपल्या देशात १ जुलै २०१८ पासून लागू झाला. असे तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करण्याची योजनाही त्याच वर्षी सुरू झाली. काळे पडलेले तेल स्वस्तात विकले जाऊन पुन्हा कोणाच्या तरी कढईत न जाता इंजिनात जावे, यात खाणाऱ्याचेही हित आहे आणि देशाचेही.

वाचकहो, डिझेलने शेंगदाण्याच्या तेलाचे इंजिन शोधले नाही. त्याने याहून मोठे काम केले. जे वाया जाते ते का जाते आणि त्यातले किती वाचवता येईल, हा प्रश्न त्याने वर्गात बसून स्वतःला विचारला आणि आयुष्यभर सोडला नाही. तळून उरलेल्या तेलाचा प्रश्नही त्याच जातीचा आहे. आणि गरिबीपायी शाळा सोडायला निघालेल्या हुशार मुलाचा प्रश्नही. परक्या ठरलेल्या एका बारा वर्षांच्या मुलाला ऑग्सबुर्गच्या एका गणितशिक्षकाने घरात जागा दिली नसती, तर तोही असाच वाया गेला असता.