माल्कम लॉकहीड

माल्कम लॉकहीड (मूळ आडनाव: लॉगहेड, मृत्यू: १९५८) हे अमेरिकन अभियंते, विमाननिर्माते आणि मोटारीच्या चारही चाकांना लागणाऱ्या हायड्रॉलिक ब्रेकचे प्रवर्तक होते. लेखिका फ्लोरा हेन्स लॉगहेड या त्यांच्या आई. तरुणपणी त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत वाफेच्या मोटारींवर मेकॅनिकचे काम केले. धाकटे बंधू ॲलन यांच्यासह बांधलेले त्यांचे पहिले विमान १५ जून १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरावरून उडाले. १९१६ साली दोघांनी सांता बार्बरा येथे विमान कंपनी काढली. माल्कम मात्र १९१९ साली तेथून बाहेर पडले आणि डेट्रॉइटला ब्रेकच्या व्यवसायात शिरले. लोक आडनावाचा उच्चार चुकीचा करीत, म्हणून त्यांनी ते उच्चारानुसार 'लॉकहीड' असे लिहिले. ॲलन यांनी हेच नाव १९२६ साली आपल्या नव्या विमान कंपनीला दिले. म्हणजे हे नाव विमानांआधी ब्रेकवर झळकले होते.

हायड्रॉलिक ब्रेक

त्या काळातील ब्रेक सळ्या व तारांनी ओढले जात. प्रत्येक चाकावरील ओढ सारखी राखणे अवघड असे आणि गाडी एका बाजूला खेचली जाई. बंदिस्त द्रवातील दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, या पास्कालच्या नियमाचा लॉकहीड यांनी उपयोग केला. १९२१ सालच्या ड्यूसेनबर्ग मॉडेल ए या मोटारीत चारही चाकांना असे ब्रेक होते.

कल्पना उत्तम असली तरी तिचे यश गळती थांबण्यावर अवलंबून होते. लॉकहीड यांच्या रचनेतील कातडी वाट्या सुकून आकसत आणि द्रव झिरपे. क्रायस्लरच्या अभियंत्यांनी त्याऐवजी रबरी वाट्या वापरल्या व १९२४ च्या मोटारीत ही सुधारित पद्धती बसवली. या ब्रेकच्या प्रसाराचे श्रेय त्यामुळे एकट्या लॉकहीड यांना देता येत नाही. १९३२ साली त्यांनी आपली कंपनी बेंडिक्सला विकली.

द्रव आणि हवा

द्रव दबत नाही, हवा दबते. नळीत बुडबुडा राहिला तर पायाखालचा दट्ट्या मऊ लागतो; म्हणून हवा काढून टाकावी लागते. या कामाला 'ब्लीडिंग' म्हणतात. ग्लायकॉलयुक्त ब्रेकद्रव हवेतील ओलावा शोषतो व त्याचा उत्कलनबिंदू घटतो: डॉट ४ प्रतीसाठी किमान मर्यादा कोरडेपणी २३०° से., तर ओलावा शिरल्यावर १५५° से. आहे. त्यामुळे उघडलेली बाटली फार काळ ठेवू नये. सायकलींच्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये काही उत्पादक डॉट द्रव वापरतात, तर शिमानो व मागुरा खनिज तेल वापरतात. ते ओलावा शोषत नाही, परंतु दोन्हींची सरमिसळ केल्यास रबरी भाग खराब होतात.