कौलांचा कारखाना आणि कीचक

गॅदरिंगला 'कीचकवधा'तला एक प्रवेश करायचं ठरलं आणि कीचक माझ्या गळ्यात पडला. पाठांतर काही होईना, म्हणून आधी नाटककाराकडे वळलो.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. जन्म १८७२, सांगली. 'केसरी'त टिळकांचे सहकारी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे गृहस्थ नाव बदलून नेपाळात गेले आणि तिथे कौलांचा कारखाना काढला. आतला बेत मात्र बंदुकांचा! (इथे आपला वर्कशॉपचा जॉब धड होत नाही, असो.) बेत फसला. १९०७ साली त्यांचं 'कीचकवध' रंगभूमीवर आलं. कथा अज्ञातवासातल्या पांडवांची, आणि लिहिणारा स्वतःच नाव लपवून राहिलेला! नाटकात इंग्रजांचा उल्लेखही नाही. पण कीचक म्हणजे कर्झन आणि सैरंध्री म्हणजे आपला देश, हे प्रेक्षकांना बरोबर कळायचं. १९१० मध्ये सरकारने बंदीच घातली.

पुढे 'मानापमान', 'स्वयंवर', मग 'नवाकाळ', आणि १९२९ साली राजद्रोहाबद्दल तुरुंग. स्वातंत्र्य बघून १९४८ मध्ये ते गेले.

हे वाचल्यापासून मी कीचकाची वाक्यं ओरडून म्हणत नाही. सगळं राज्यच मुठीत असलेला माणूस ओरडेल कशाला? दिग्दर्शक वैतागलाय. मागच्या रांगेला ऐकू येत नाही म्हणे.