मिल्कशेकचं मशीन विकणारा रे क्रॉक बर्गरचा राजा कसा झाला?

सुरगाणा तालुक्यातल्या बोरगावकडून सापुताऱ्याला निघालं की थंडीच्या दिवसांत रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरी विकायला बसलेली माणसं दिसतात. दुधात घुसळली की तिचा मस्त शेक होतो. मॅकडोनाल्ड्सला जगभर पोचवणारा माणूस या धंद्यात आला तोही शेकमुळे. बर्गरशी त्याचा तोवर फारसा संबंधच नव्हता.

रे क्रॉकचा जन्म ५ ऑक्टोबर १९०२ चा, शिकागोजवळच्या ओक पार्कचा. पहिल्या महायुद्धात वय खोटं सांगून तो रुग्णवाहिका चालवायला शिकला, पण युरोपला जाण्याआधीच युद्ध संपलं. पुढे त्याने पियानो वाजवला, कागदी पेले विकले आणि मग एका वेळी पाच शेक घुसळणारं 'मल्टीमिक्सर' मशीन विकत अमेरिकाभर फिरला.

१९५४ साली त्याला समजलं की कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोच्या एका दुकानाने अशी आठ मशीनं घेतली आहेत. म्हणजे एकाच वेळी चाळीस शेक! हे बघायलाच तो तिकडे गेला. वय ५२, मधुमेह आणि संधिवात सोबतीला.

दुकान डिक आणि मॅक मॅकडोनाल्ड या भावांचं. आत बसायला जागा नाही, वाढायला कोणी नाही, पदार्थ मोजकेच. खिडकीशी रांग लावायची, १५ सेंटचा बर्गर घ्यायचा आणि आपल्या गाडीत बसून खायचा. स्वयंपाकघरात कोण कुठे उभं राहील, हे भावांनी आधी टेनिसच्या मैदानावर खडूने आखून ठरवलं होतं. खरी अक्कल इथे होती, आणि ती क्रॉकची नव्हती.

क्रॉकने शाखा काढायचे हक्क मिळवले. शंभर डॉलरच्या विक्रीमागे शाखाचालकाकडून १ डॉलर ९० सेंट घ्यायचे, त्यातले ५० सेंट भावांना द्यायचे. १५ एप्रिल १९५५ ला शिकागोजवळ डेस प्लेन्समध्ये त्याचं पहिलं दुकान उघडलं.

आणि पहिला घोळ झाला बटाट्यात. पद्धत तीच, पण फ्राइज काही तशा होईनात. शोध घेतल्यावर कारण कळलं. भाऊ बटाटे जाळीच्या पेट्यांत उघड्यावर ठेवायचे. वाळवंटातल्या कोरड्या वाऱ्याने ते सुकायचे आणि त्यांच्यातल्या साखरेचं स्टार्च व्हायचं. क्रॉकचे बटाटे तळघरात होते. मग तिथे विजेचे पंखे लावले आणि गाडी रुळावर आली. नाशिक जिल्ह्यात ज्याने कांदाचाळ बांधली आहे, त्याला वाऱ्याची ही किंमत वेगळी सांगायला नको.

क्रॉक स्वच्छतेबाबत कमालीचा हट्टी होता. दुकानात गाण्याचं यंत्र, सार्वजनिक फोन, सिगारेटचं मशीन यांना बंदी. टवाळ पोरं रेंगाळू नयेत आणि पोराबाळांसह घरची मंडळी यावीत, हा हिशोब. पैसा मात्र बर्गरपेक्षा जागेत निघाला. हॅरी सॉनेबॉर्न या सहकाऱ्याने सुचवलं की जागा कंपनीने ताब्यात घ्यावी आणि शाखाचालकाला भाड्याने द्यावी. तिथून कंपनी खऱ्या अर्थाने उभी राहिली.

१९६१ मध्ये क्रॉकने २७ लाख डॉलर देऊन भावांचा सगळा हक्क विकत घेतला. मूळ दुकान भावांकडे राहिलं, पण त्यावर स्वतःचंच आडनाव लावायची सोय उरली नाही. त्यांनी 'बिग एम' अशी पाटी लावली. क्रॉकने जवळच नवं मॅकडोनाल्ड्स उघडलं आणि पुढे 'बिग एम' बंद पडलं.

चवीच्या बाबतीत मात्र क्रॉकचे अंदाज चुकायचे. शुक्रवारी मांस न खाणाऱ्या कॅथलिक गिऱ्हाइकांसाठी त्याने १९६२ मध्ये अननसाची चकती आणि चीज घातलेला 'हुला बर्गर' काढला. सिनसिनाटीतल्या शाखाचालकाच्या माशाच्या बर्गरपुढे तो सपशेल आपटला. बिग मॅकही त्याचा नाही, तो पेनसिल्व्हेनियातल्या एका शाखाचालकाचा. १९९६ साली कंपनी दिल्ली-मुंबईत आली तेव्हा गोमांस वगळूनच आली. बिनमांसाचा बर्गर इथे चालला, पण अननसाचा नव्हे, बटाट्याच्या टिक्कीचा. ते पाहायला क्रॉक नव्हता.

१४ जानेवारी १९८४ ला, ८१ व्या वर्षी सॅन डिएगोत त्याचं निधन झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीने पन्नास अब्जावा बर्गर न्यूयॉर्कमध्ये समारंभाने बनवला. तो वाढला गेला डिक मॅकडोनाल्डच्या पुढ्यात.