मित्राने जपलेली पत्रे

सन १८५८ मधील गोष्ट आहे. अमेरिकेत ॲनापोलिस येथील आरमारी विद्यालयात अठरा वर्षांचा एक विद्यार्थी आपल्या दूरच्या मित्राला एकामागून एक पत्रे धाडीत होता. भोवती वर्गबंधूंचा मेळा होता. परंतु त्यांतील बहुतेकांनी त्याच्याशी बोलणे टाकले होते. मनातील सल सांगावा असे जवळ कोणी नव्हते. म्हणून तो कागदाशी बोलत होता. हाच एकाकी विद्यार्थी पुढे आरमाराचा जगप्रसिद्ध इतिहासकार झाला. त्याचे नाव आल्फ्रेड थेयर मॅहॅन.

आल्फ्रेडचा जन्म २७ सप्टेंबर १८४० रोजी हडसन नदीच्या काठी वेस्ट पॉइंट येथे झाला. तेथील लष्करी विद्यालयात त्याचे वडील नामांकित प्राध्यापक होते. आपल्या मुलाचा पिंड लष्करी पेशाचा नाही, असे त्यांचे स्पष्ट मत होते. परंतु आल्फ्रेडने समुद्राचा ध्यास घेतला होता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयात दोन वर्षे काढल्यावर १८५६ मध्ये तो हट्टाने आरमारी विद्यालयात दाखल झाला. तेथे त्याला सॅम्युएल ॲश हा जिवाभावाचा मित्र लाभला. ॲश हा दक्षिणेकडील नॉर्थ कॅरोलिना प्रांताचा. दोघांचा जन्म एकाच महिन्यातला. मात्र १८५८ मध्ये ॲशने विद्यालय सोडले आणि आल्फ्रेड एकटा पडला.

शेवटच्या वर्षी आल्फ्रेडकडे शिस्त राखण्याचे काम आले. आपल्याच वर्गातील सोबत्यांच्या आगळिकी वरिष्ठांना कळवू नयेत, असा तेथील विद्यार्थ्यांचा जुना प्रघात होता. आल्फ्रेडला तो पटेना. नियम सर्वांना सारखाच, असे मानून त्याने वर्गबंधूंच्याही चुका नोंदविल्या. साहजिकच वर्ग चिडला आणि त्याच्यावर अबोल्याचा बहिष्कार पडला. हा बहिष्कार थोडेथोडके दिवस नव्हे, तर महिनोन् महिने टिकला. आल्फ्रेडने हार मानली नाही; १८५९ मध्ये तो वर्गात दुसरा येऊन उत्तीर्ण झाला. या काळात त्याने ॲशला लिहिलेल्या पत्रांत त्याचा निग्रह दिसतो, तसाच थोडा अभिमान आणि ताठाही दिसतो. मित्रापाशी त्याने आपला कोणताच रंग लपविला नाही.

पुढे अधिक कठीण प्रसंग आला. १८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध पेटले. दक्षिणेतील राज्यांना गुलामगिरीची प्रथा टिकवावयाची होती व त्यासाठी ती देशातून फुटून निघाली होती. मॅहॅन उत्तरेच्या आरमारात लढले, तर ॲश दक्षिणेच्या सैन्यात कप्तान झाले. काल एका विद्यालयात नांदलेले मित्र आज शत्रूंच्या छावण्यांत उभे होते! चार वर्षांनी उत्तरेचा जय झाला आणि युद्ध थांबले. रणात बाजू निराळ्या असल्या, तरी दोघांनी मैत्रीचा धागा तुटू दिला नाही. पत्रव्यवहार पुन्हा सुरू झाला.

मॅहॅन जहाजांवरून देशोदेशी फिरले. मात्र जहाज हाकण्यात त्यांचा हातखंडा नव्हता. त्यांचे खरे मन ग्रंथांत रमे. १८८४ मध्ये न्यूपोर्ट येथे आरमारी युद्धशास्त्राचे महाविद्यालय निघाले. तेथे शिकविण्यासाठी त्यांना बोलावणे आले, तेव्हा ते दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर होते. पेरू देशातील लिमा शहरी एका ग्रंथालयात रोमचा इतिहास वाचत असता त्यांच्या मनात एक प्रश्न उभा राहिला. कार्थेजचा सेनापती हॅनिबल सैन्याची अपरिमित हानी सोसून आल्प्स पर्वत ओलांडून इटलीत का आला? समुद्रमार्गे का आला नाही? कारण समुद्रावर रोमची सत्ता होती. या एका विचारातून त्यांना इतिहासाचा नवा अर्थ गवसला. समुद्र ज्याच्या ताब्यात, त्याचा व्यापार चालतो, रसद पोचते आणि अखेर युद्धाचे पारडेही त्याच्याकडे झुकते.

यावर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला. कित्येक प्रकाशकांनी नाकारलेला हा ग्रंथ १८९० मध्ये बोस्टन येथे प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. पुस्तके लिहिणे हे आरमारी अधिकाऱ्याचे काम नव्हे, असे म्हणून वरिष्ठांनी १८९३ मध्ये त्यांना पुन्हा जहाजावर धाडले. पण ते जहाज युरोपात गेले आणि तेथे त्यांचा गौरवच झाला! १८९४ मध्ये ऑक्सफर्ड व केंब्रिज या दोन्ही विद्यापीठांनी त्यांना सन्माननीय पदव्या दिल्या.

मॅहॅन यांच्या ग्रंथांचा परिणाम मात्र सर्वस्वी हितकर झाला नाही. ब्रिटन, जर्मनी, जपान अशा राष्ट्रांनी त्यांतून आरमारे वाढविण्याची स्फूर्ती घेतली आणि चढाओढ माजली. गंमत अशी की, १८८४ मध्ये ॲश यांना लिहिलेल्या पत्रात मॅहॅन यांनी दूरदूरच्या वसाहतींची धास्तीच व्यक्त केली होती. वसाहती आल्या की त्यांच्या रक्षणासाठी मोठे सैन्य पोसावे लागते, अशी त्यांची भीती होती. काही वर्षांतच त्यांचे मत पालटले आणि ते आपल्या देशाच्या विस्ताराचे पुरस्कर्ते बनले. ग्रंथात माणसाचे ठाम झालेले मत दिसते. ते मत कसे घडले व बदलले, हे पत्रे सांगतात.

१ डिसेंबर १९१४ रोजी वॉशिंग्टन येथे मॅहॅन यांचे निधन झाले. ॲश हेही इतिहासकार झाले होते. त्यांनी आपल्या प्रांताचा इतिहास लिहिला. इतिहासकाराला जुन्या कागदाचे मोल ठाऊक असते. विद्यार्थिदशेतील ती पत्रे त्यांनी जपून ठेवली होती. १९३१ मध्ये ड्यूक विद्यापीठाने ती प्रसिद्ध केली, तेव्हा ॲश नव्वद वर्षांचे होते. पुढे १९७५ मध्ये मॅहॅन यांची पत्रे व कागदपत्रे तीन खंडांत छापली गेली.

मॅहॅन यांच्या ग्रंथांनी राजे व सेनापती प्रभावित झाले. पण अबोल्याच्या दिवसांत मित्राला साद घालणारा अठरा वर्षांचा आल्फ्रेड आपल्याला भेटतो, तो या पत्रांतच. एका मित्राने ती जपली, म्हणून एका थोर माणसाचे मन इतिहासाला गवसले.