ग्रेस हॉपर: कॉम्प्युटर कसा वापरायचा, हे लिहून ठेवणाऱ्या बाई

टर्मक्समध्ये शेल स्क्रिप्ट चालवली, एखादा ऑप्शन चुकला आणि स्क्रीनवर नुसतं 'एरर' आलं, की मला ग्रेस हॉपर आठवतात. खरं तर अशा वेळी स्क्रिप्टने आपल्याला कसं वापरायचं, हे दोन ओळींत सांगायला हवं. यालाच युसेज मेसेज म्हणतात. समोरच्याला कळेल असं सांगायचं, हेच काम हॉपरबाईंनी आयुष्यभर केलं.

त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कमधला. १९३४ मध्ये येल विद्यापीठातून त्यांनी गणितात पीएचडी केली. व्हासार कॉलेजात शिकवताना त्या गणिताच्या तासालाही निबंध लिहायला लावत. मुली कुरकुरायच्या. पण समजलेलं दुसऱ्याला सांगता येत नसेल तर गणित शिकून उपयोग काय, असं बाईंचं म्हणणं.

दुसऱ्या महायुद्धात त्या अमेरिकेच्या नौदलात दाखल झाल्या. १९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्डला, सुमारे १५ मीटर लांबीच्या मार्क वन कॉम्प्युटरवर झाली. प्रमुख हॉवर्ड एकेन यांनी मशीनचं मॅन्युअल लिहायला सांगितलं. पुस्तक लिहिणं आपल्याला जमणार नाही, असं बाई म्हणाल्या. पण नौदलात हुकूम म्हणजे हुकूम! १९४६ मध्ये ५०० हून जास्त पानांचं मॅन्युअल छापून आलं.

पुढे त्यांनी उलटा विचार केला. माणसानेच मशीनची भाषा का शिकायची? १९५२ मध्ये त्यांनी ए-झिरो हा कंपायलर बनवला. मग साध्या इंग्रजी शब्दांत आज्ञा देता येणारी फ्लो-मॅटिक भाषा आली. कॉम्प्युटरला इंग्रजी कळत नाही, म्हणत आधी लोकांनी ही कल्पना उडवून लावली होती. नंतर कोबोल याच पायावर उभी राहिली. १९८६ मध्ये, ७९ व्या वर्षी, त्या रिअर अॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ ला त्यांचं निधन झालं.

आता तुमची स्क्रिप्ट उघडा. युसेजची पहिली ओळ एकच ठेवा: आधी स्क्रिप्टचं नाव, मग ऑप्शन, मग फाइल. ऐच्छिक गोष्टी चौकटी कंसात टाका. खाली प्रत्येक ऑप्शनला एक ओळ आणि शेवटी एक चालणारं उदाहरण द्या. मदत मागितली तर मेसेज स्टँडर्ड आउटपुटवर आणि एक्झिट कोड ०. चूक झाली तर स्टँडर्ड एररवर आणि कोड ० सोडून दुसरा. मग स्क्रिप्ट न पाहिलेल्या मित्राला फक्त तो मेसेज दाखवा. त्याला चालवता आली, तर काम झालं!